नवव्या वर्षीचा बोल्ट

प्रुफं माझ्या हातात देताना मास्तर म्हणाले, "वेचणीच्या प्रकरणात काही चुकलंबिकलं असेल तर खूण करा. त्यातलं तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आमच्या एअर शोला यंदा चाळीस वर्षं होणार होती आणि त्याचा इतिहास छापला जात होता. जाड पुठ्ठ्याचा, रंगीत फोटोंचा. त्यात बायकांच्या वेचणीवर अख्खं प्रकरण आहे म्हटल्यावर मी चष्मा पुसला आणि खुर्ची पुढे ओढली.

वेचणी म्हणजे काय ते आधी सांगते. शोच्या सकाळी, पहिलं विमान सुरू व्हायच्या आधी, आम्ही साठ बायका धावपट्टीच्या एका टोकाला हातभर अंतर ठेवून उभ्या राहतो आणि मान खाली घालून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातो. कमरेला कापडी पिशवी. खडा, खिळा, तार, बाटलीचं झाकण, जे दिसेल ते पिशवीत. विमानाचं इंजिन हवेबरोबर खडाही आत ओढून घेतं, आणि चाकाखाली धारदार काही आलं तर टायर फुटतो. गेली अठरा वर्षं मी या वेचणीची प्रमुख आहे. चालून झालं की टॉवरमध्ये जाऊन 'पट्टी स्वच्छ' या ओळीखाली मी सही करते. मग शो सुरू होतो.

मास्तरांनी सुरुवात झकास केली होती. शाळेतून निवृत्त झालेले इतिहासाचे मास्तर ते, भाषा घोटीव. लष्कर तळ सोडून गेलं, हँगरची दारं वाऱ्यावर आपटत राहिली, काँक्रीटच्या भेगांतून गवत गुडघाभर वाढलं, बराकींत कुत्र्यांनी पिल्लं घातली. मग चार हौशी वैमानिकांच्या डोक्यात आलं की एवढी लांबलचक पट्टी आहे तर वर्षातून एक दिवस विमानं उडवून लोकांना दाखवू. पहिल्या वर्षी विमानं तीन आणि ट्रकवर बांधलेला एक कर्णा. पट्टीवर लष्करानं मागे टाकलेलं भंगार इतकं, की विमान उतरवायची सोय नव्हती. तेव्हा शेजारच्या वसाहतीतल्या 'एका धडाडीच्या गृहिणीने' बायका गोळा केल्या, त्यांना ओळीत उभं केलं आणि वेचणी सुरू झाली.

ती गृहिणी म्हणजे माझ्या सासूबाई. गृहिणी नव्हत्या त्या. लष्कराच्या धुलाईखान्यात अकरा वर्षं वाफेत उभ्या राहिलेल्या बाई. मी पेन्सिलीनं तिथे खूण केली आणि पान उलटलं.

पुढच्या पानावर लिहिलं होतं: 'नवव्या वर्षी वेचणीत नजरेतून सुटलेल्या एका बोल्टमुळे एका तरुण वैमानिकाला प्राणास मुकावे लागले. या चुकीतून धडा घेऊन समितीने वेचणीला शिस्त लावली.'

मी ते दोनदा वाचलं. तो अपघात मी पाहिलेला. लग्नाला दोन वर्षं झाली होती माझ्या. विमान पट्टीवर वेगात आलं, पुढचा टायर फुटला, विमान डावीकडे वळलं आणि लष्कराच्या जुन्या भिंतीवर आदळून पेटलं. आत होता तो मुलगा एकोणतीस वर्षांचा. त्याला आम्ही शिट्टीवाला म्हणायचो, कारण ओळीजवळून जाताना तो शीळ घालून बायकांना सलाम ठोकायचा. चौकशीत टायरमध्ये बोल्ट सापडला. दोष वेचणीच्या प्रमुखावर आला, म्हणजे सासूबाईंवर. त्यांना तळावर पाऊल ठेवायची बंदी झाली. वसाहतीतल्या बायका नळावर त्यांना बघून गप्प व्हायला लागल्या. पुढच्या वर्षी त्यांच्या जागी ओळीत मला बोलावलं आणि मी गेले.

"मास्तर, हे तुम्ही कुठून घेतलं?"

"चौकशीचा अहवाल आहे ना. सारांश आहे त्याचा."

"आणि हे काय?" त्यांच्या टेबलावर नोंदवह्यांचा ढीग होता. टॉवरच्या जुन्या नोंदवह्या, पाठीवर वर्ष लिहिलेल्या. हात लावायच्या आधीच मास्तर म्हणाले, "ते नका काढू हो ताई. धूळ आहे फार."

एकतीस वर्षं रस्त्यावरचा खडा बघून उचलणाऱ्या बाईला हे सांगायचं नसतं. मी नवव्या वर्षाची वही ओढली. शोचा दिवस काढला. निळ्या शाईत, सरळ अक्षरात, ड्युटीवरच्या माणसानं लिहिलं होतं:

'९:५० वेचणी पूर्ण. पट्टी स्वच्छ. १०:२० प्रायोजकांचा जाहिरातीचा ट्रक सचिवांच्या परवानगीने पट्टीवर. तीन फेऱ्या. १०:३५ वेचणी प्रमुख बाई टॉवरखाली. ट्रकनंतर पट्टी पुन्हा वेचू द्या म्हणतात. सचिवांचा नकार, पाहुणे आले. १०:४० बाई पुन्हा आल्या. नकार. १०:४५ बाईंना फाटकाबाहेर नेले. १०:५२ पहिले उड्डाण. अपघात.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मास्तर, तुम्ही हे वाचलं होतंत?"

त्यांनी चष्मा काढला, परत घातला. "अहो, चाळिसावं वर्ष आहे. आनंदाचा ग्रंथ आहे. त्यात उगाच जुनी हाडं कशाला उकरायची?"

"हाडं उकरायची नव्हती तर बोल्ट कशाला उकरलात?"

 मी फोन काढून त्या पानाचा फोटो घेतला. मास्तरांनी तेवढा वेळ खिडकीबाहेर बघायचं ठरवलं.

घरी जाताना रस्त्यात कुणाशी बोलले ते आठवत नाही. त्या सचिवाचा राग होता, मास्तरांचा होता, पण त्याच्या खाली आणखी एक राग होता आणि तो माझ्यावरच होता. आमची मुलगी चार वर्षांची असताना माझ्या हातून बरणी फुटली. मी काचा झाडल्या, तरी एक राहिली आणि पोरीच्या टाचेत घुसली. सासूबाई मला बोलल्या, "नीट बघून झाडायला काय होतं गं तुला?" आणि मी फटकन म्हणाले, "माझ्या हातून काचच राहिली ना? बोल्ट तर नाही राहिला." त्या उठून आत गेल्या. त्यानंतर आजतागायत घरातल्या कुठल्याही चुकीवर त्या मला एक शब्द बोललेल्या नाहीत. मला वाटायचं, बरी जिरली.

सासूबाई ओट्याशी स्टुलावर बसून मटार सोलत होत्या. शहात्तर वर्षांच्या, गुडघे गेलेले, नजर अजून सुईसारखी. मी त्यांना फोनवरचं पान वाचून दाखवलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"साडेदहाला गेले होते मी," त्या म्हणाल्या. "पस्तीस लिहिलंय का? पाच मिनिटं खाली कुणी बघितलंच नाही माझ्याकडे."

"आई, तुम्ही हे कधी बोलला नाहीत."

आता हात थांबले. "मी नाही बोलले? चौकशीवाल्यांना सांगितलं. तुझ्या सासऱ्यांना सांगितलं, ते म्हणाले, गप्प बस, मोठी माणसं आहेत. तुझ्या नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, आई, झालं ते झालं. तू विचारलंस का कधी?"

मी फोन बंद करून ओट्यावर ठेवला.

"नाही विचारलंस," त्या म्हणाल्या आणि पुढची शेंग उचलली.

दुसऱ्या दिवशी मी समितीच्या कचेरीत गेले. लष्कराचं जुनं भोजनगृह आहे ते. भिंतीवर चाळीस वर्षांचे फोटो ओळीनं लावलेले, मधे लांबलचक टेबल, टोकाला अध्यक्षांची खुर्ची. नवव्या वर्षीचे सचिव तेच आजचे अध्यक्ष. तेव्हा तिशीतले होते, आता केस पांढरे झालेत आणि आवाजात मध आलाय.

मी प्रिंट काढलेलं पान त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते वाचलं. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"वहिनी, त्या दिवशी माझी काय अवस्था होती तुम्हाला कल्पना नाही. पाहुणे आलेले, लोक उन्हात बसलेले, प्रायोजक डोक्यावर. एक निर्णय घ्यावा लागतो माणसाला."

"तो तुम्ही घेतलात. निस्तरला माझ्या सासूनं."

"वाईट मलाही वाटतं. खरंच वाटतं." ते पुढे झुकले. "असं करू. ते वाक्य काढूनच टाकू. 'नवव्या वर्षी एक दुर्दैवी अपघात झाला', एवढंच. बोल्ट नाही, वेचणी नाही, कुणावर दोष नाही. झालं समाधान?"

आणि लाज वाटते सांगायला, पण माझं झालं समाधान. आपण जिंकलो असं वाटलं. झरझर घरी आले, चपला दारात भिरकावल्या आणि सासूबाईंना म्हणाले, "आई, काढलं! ते वाक्य वगळणार आहेत."

 त्यांचा असा आवाज चढला की शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला.

"वगळणार? आता वगळणार? एकतीस वर्षं मला नाही कुणी वगळलं! पाण्याच्या रांगेत नाही, लग्नाकार्यात नाही. पोरं माझ्याकडे बोट दाखवून सांगायची, हिनं विमान पाडलं. तेव्हा कुणाला वगळायचं सुचलं नाही. आणि आता त्याचं नाव निघालं तर वगळायचं! तू हो म्हणून आलीस?"

"मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते नको सांगूस. त्या पोराच्या घरी घेऊन चल मला."

"कुणाच्या?"

"शिट्टीवाल्याच्या."

मी त्यांना समजावलं. गुडघे, दोन तासांची बस, पायऱ्या. त्यांनी ऐकलं नाही. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी त्या त्याच्या घरी गेल्या होत्या, एकट्याच. त्याच्या आईनं दारातून ओरडून सांगितलं होतं, हिला आत घेऊ नका. हेही मला बसमध्ये कळलं. खिडकीकडे तोंड करून त्या सांगत होत्या आणि मी ऐकत होते, पहिल्यांदाच.

"आई, बरणी फुटली त्या दिवशी मी बोलले ते..."

"बोललीस ते सगळ्यांच्याच मनात होतं. तुझ्या तोंडातून बाहेर पडलं, एवढंच," त्या म्हणाल्या. मला माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मीही पुढे विचारलं नाही.

शिट्टीवाल्याची आई दहा वर्षांपूर्वी गेली होती. मोठी बहीण होती, तिचं औषधांचं दुकान होतं. आम्ही तिला ओळखत होतो. अपघातानंतरच्या वर्षापासून उत्तम कसरतीसाठी तिच्या भावाच्या नावाची ढाल दिली जाते, आणि दर वर्षी ती येऊन स्वतःच्या हातानं विजेत्याला देते. ती आम्हाला ओळखत नव्हती. अरुंद दुकान, छतापर्यंत खोकी, काउंटरवर काच. सासूबाईंनी आपण कोण ते सांगितलं तसा तिचा चेहरा बदलला. मी घाईघाईनं ते पान काचेवर ठेवलं.

तिनं वाचायला घेतलं. मधेच एक माणूस खोकल्याचं औषध मागायला आला. तिनं बाटली काढून दिली, दिवसातून तीनदा घ्या म्हणून सांगितलं आणि परत पान उचललं. वाचून झाल्यावर ती खुर्चीवर बसली.

"आमच्या आईनं मरेपर्यंत तुम्हाला शिव्या दिल्या," ती सासूबाईंना म्हणाली. "सकाळी उठली की पहिल्या तुम्हाला."

"मुलगा गेला होता तिचा. कुणाला तरी देणारच."

"पण चुकीच्या माणसाला दिल्या ना!" तिनं काचेवर हात आपटला. वरची गोळ्यांची पाकिटं खाली पडली, ती आम्ही कुणीच उचलली नाहीत. "आणि हा? हा माणूस दर वर्षी मला मंचावर बोलावतो. माझ्या हाताला धरून. माईकवर मला धाकटी बहीण म्हणतो. मी तीस वर्षं त्याचे आभार मानतेय! इतकी वर्षं आमच्या भावाची आठवण ठेवलीत म्हणून."

 सासूबाई म्हणाल्या, "मी दोनदा गेले होते टॉवरपाशी. तिसऱ्यांदा जायला हवं होतं. पण दोघांनी दंडाला धरून बाहेर काढलं."

बहिणीनं मान खाली घातली. रडली नाही. मागच्या फळीवरून लेटरहेड काढलं आणि आमच्यासमोरच पत्र लिहिलं. 'माझ्या भावाचे नाव ढालीवरून, फलकांवरून आणि कार्यक्रमपत्रिकेवरून काढावे. टॉवरच्या नोंदवहीतील ते पान जसेच्या तसे पुस्तकात छापले जाईपर्यंत आमच्या कुटुंबाची या नावाला परवानगी नाही. मी मंचावर येणार नाही. न येण्याचे कारण मला कुणी विचारले तर मी सांगेन.'

सही करताना तिचं पेन कागदात रुतलं होतं.

पत्र पोचलं तेव्हा शो नऊ दिवसांवर आला होता. फलक गावभर लागले होते, प्रत्येकावर ढालीचा फोटो. मग जी धावपळ झाली ती मी दुरून बघितली. पुस्तक बांधून तयार होतं. अध्यक्ष म्हणाले, आता बदल अशक्य. मास्तरांनी, त्यांच्या कुठून अंगात आलं कोण जाणे, सांगितलं की वेगळं पान छापून प्रत्येक प्रतीत घालता येईल आणि ते नाही घातलं तर पुस्तकावरचं आपलं नाव काढा. पान छापलं गेलं. नोंदी जशाच्या तशा. खाली एक ओळ: 'सदर अपघातास वेचणी प्रमुख जबाबदार नव्हत्या.' सचिवाचं नाव मात्र नव्हतं. 'तत्कालीन सचिव' एवढंच.

मी ते पान सासूबाईंना वाचून दाखवलं.

"तत्कालीन सचिव म्हणजे कोण, ते कळेल लोकांना?" त्यांनी विचारलं.

"ज्यांना कळायचं त्यांना कळेल."

"म्हणजे नाही कळणार," त्या म्हणाल्या.

शोच्या दिवशी मी नेहमीसारखी पाचला उठले. रात्रीच मनात आलं होतं की आज सही करायची नाही. बसू देत पाहुण्यांना उन्हात. पण त्या दिवशी अकरा वैमानिक उडणार होते आणि त्यांनी आमचं काही वाकडं केलेलं नव्हतं. आम्ही साठ जणी चाललो. एक वॉशर, दोन तारा आणि मूठभर खडे मिळाले. यंदा जुन्या मोटारींची मिरवणूक पट्टीवरून जाणार होती. मी टॉवरमध्ये सांगितलं, मोटारी गेल्यावर आम्ही परत चालू, त्याशिवाय सही नाही. ड्युटीवरच्या मुलीनं खाली फोनसुद्धा केला नाही. "चाला, मावशी," म्हणाली. आम्ही पुन्हा चाललो, पंचवीस मिनिटं गेली आणि कुणाचंही काही अडलं नाही. तेवढ्या पंचवीस मिनिटांसाठी एक माणूस जळून मेला होता. मला हुंदका नाही आला, शिवी आली, आणि मी ती मोठ्यानं दिली.

अध्यक्ष मंचावर होते. स्वागत त्यांनीच केलं, आभार त्यांनीच मानले, त्याच मधाळ आवाजात. पान छापलं गेलं म्हणून बहीण मंचावर आली. ढाल विजेत्याच्या हातात दिली, अध्यक्षांनी हात पुढे केला तो तिनं घेतला नाही आणि त्यांच्याकडे पाठ करून खाली उतरली. लोकांना वाटलं, तिला भरून आलं असेल. टाळ्या वाजल्या. महिन्याभरानं अध्यक्षांनी 'प्रकृतीच्या कारणास्तव' पद सोडलं. त्यांचा निरोप समारंभ झाला, भाषणं झाली, त्यांचा मोठा फोटो भोजनगृहाच्या भिंतीवर लागला. तो अजून तिथे आहे.

सासूबाई शोला आल्या नव्हत्या. बंदी आता उठली होती, तसं पत्रही आलं होतं. "मला नाही बघायची त्यांची विमानं," म्हणाल्या. शोच्या संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा दारात एक म्हातारी उभी होती. पहिल्या नऊ वर्षांत ओळीत सासूबाईंच्या उजव्या हाताला चालायची ती. नंतर काही वर्षांनी मुलाकडे राहायला गेली होती. हातात ते छापलेलं पान होतं, डोळे भरलेले.

"वाचलं गं," ती सासूबाईंना म्हणाली. "बरं झालं बाई. आम्हाला तर पहिल्यापासून माहीत होतं. तुझी चूक नव्हतीच. ट्रक तर आम्ही सगळ्यांनी बघितला होता."

सासूबाई दाराची चौकट धरून उठल्या. मला वाटलं, तिला जवळ घेतील.

"बघितला होता?" त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी?"

"हो तर. तू टॉवरकडे धावलीस तेही बघितलं."

"मग चौकशीत तुला विचारलं तेव्हा काय सांगितलंस?"

म्हातारी हातातलं पान चुरगळायला लागली. "आम्हाला पुढच्या वर्षी बोलावलं नसतं गं," ती शेवटी म्हणाली. "घरात तेवढाच एक दिवस बाहेर पडायचा होता. आणि तू तर खंबीर होतीस."

"नव्हते," सासूबाई म्हणाल्या. "मी खंबीर नव्हते. तुम्ही तसं ठरवलंत."

त्यांनी दार लावून घेतलं. म्हातारी थोडा वेळ बाहेर उभी होती, मग तिची पावलं वाजत गेली. सासूबाई खुर्चीत बसल्या. मी पाणी दिलं. ते त्यांनी घेतलं नाही.

"माहीत होतं म्हणे," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "माहीत होतं म्हणे."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "आई, मला माहीत नव्हतं," मी म्हणाले. "मी त्यांचं खरं मानलं होतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हातातला पेला घेतला.

"निदान तू तरी खोटं बोलत नाहीस," त्या म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या.